दोन वाटांनी गेलेली मुले
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात अफजलपूर येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी न्यासाच्या गौरवाचे चार शब्द आम्ही बोलावेत, अशी चिटणिसांची अपेक्षा असणार. गौरव करण्यासारखे पुष्कळ आहे व तो आधीच्या वक्त्यांनी केलाही आहे. आम्हांला विषय दिला आहे तो ‘स्थलांतर आणि शिक्षण’ हा. तेव्हा थोडे कडू बोलणे ओघानेच आले.

भीमाकाठच्या माणसाने स्थलांतराला नवी गोष्ट समजू नये. आपल्या तालुक्यातील गाणगापूर हे दत्तक्षेत्र ज्यांच्यामुळे झाले, ते श्रीनृसिंहसरस्वती मूळचे वऱ्हाडातील कारंज्याचे. काशी, औदुंबर, नरसोबाची वाडी करीत ते भीमा-अमरजेच्या संगमावर आले. त्यांचे चरित्र मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर यांच्या घरची भाषा कानडी. पुढे १८७६-७८ च्या दुष्काळाने खेडी उठली, आणि त्याच सुमारास, १८७७ साली, सोलापुरास जुनी गिरणी सुरू झाली. मग तेलंगणातील पद्मशाली, कानडी मुलखातील विणकर, आपल्याकडचे शेतमजूर असे सगळेच त्या भोंग्याच्या आवाजावर जाऊन राहिले.

भीतीने झालेले स्थलांतरही या भागाने पाहिले आहे. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जाचाने सरहद्दीवरची कुटुंबे रातोरात सोलापूर, बार्शीकडे गेली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर दिवस फिरले आणि खेड्यापाड्यांतील निरपराध मुसलमान कुटुंबांवर तीच पाळी आली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या जिल्ह्यांत अधिक हानी झाल्याचे नोंदले, त्यांत गुलबर्गा व बीदर आहेत. दोन्ही वेळा शाळा ओस पडल्या. हे दुसरे वाक्य आपल्या समारंभांतून सहसा बोलले जात नाही, म्हणून मुद्दाम बोललो.

आणखी एक चमत्कारिक स्थलांतर आपल्या वाट्यास आले. माणसे जागची हलली नाहीत, राज्यच त्यांच्या अंगावरून पुढे गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुलबर्गा जिल्हा हैदराबाद संस्थानच्या वारशातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे कर्नाटक झाले. त्यामुळे आपल्यातील कित्येक मराठी घरांत असा प्रकार आहे की, पणजोबा उर्दूत शिकले, आजोबा मराठीत, वडील कानडीत आणि नातू इंग्रजीत. एकाच माजघरात चार लिप्या, आणि पणजोबांची मोडी धरली तर पाच! एकाने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची तर तिसरा बोलवावा लागतो. तरीही ही घरे शिकली. का शिकली, याचा विचार आम्ही न्यासाच्या जुन्या वह्या चाळताना केला.

त्या वह्यांत प्रत्येक शिष्यवृत्तीपुढे गावाचे नाव आहे. सोलापूर, गुलबर्गा, हैदराबाद, पुणे, अलीकडे बंगळूर आणि एक-दोन ठिकाणी अमेरिका. ही सारी मुले गाव सोडूनच शिकली. पण ती गेली तेव्हा त्यांच्या खिशात कोणा मामाचा वा मावशीचा पत्ता होता, ट्रंकेत शाळेचा दाखला होता, आणि पाठीशी हा न्यास होता. दुधनी किंवा गाणगापूर रोड स्टेशनवर त्यांना पोचवायला माणसे जात. त्यांपैकी काही आज व्यासपीठावर हारतुरे घेऊन बसले आहेत. त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो.

याच तालुक्यातून दुसरी मुले दुसऱ्या वाटेने जातात. ती जातात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडी, कोंबड्या आणि शेळीच्या शेजारी बसून. त्यांच्या आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्या धंद्याचा हिशेब. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या कारखान्यांभोवती उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. कोयत्यात पोराचा हिशेब नसतो. पण धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी लागते, आणि वाढ्यांच्या मोळ्या बांधायला दहा वर्षांचा मुलगा. काही कुटुंबे मुंबई-पुण्याच्या इमारतींवर जातात, तेथेही गोष्ट निराळी नाही.

आता पंचांग मांडून पाहा. आपल्याकडे शाळा जूनच्या आरंभी भरते आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. गाळप सुरू होते दसरा-दिवाळीच्या पुढेमागे आणि पट्टा पडतो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे मुलाला पहिले सत्र मिळते, दुसरे मिळत नाही, आणि वार्षिक परीक्षा तर नाहीच. गावी परत येते तेव्हा शाळेला कुलूप. जूनमध्ये ते वरच्या वर्गात बसते, कारण कायद्याने त्याचे नाव वर गेलेले असते. असे तीनचार वर्षे झाले की मास्तरांनाच त्याच्याकडे पाहायची लाज वाटू लागते, आणि मग ते येईनासे होते.

सांगली जिल्ह्यातील अशा एका तळावर आम्ही गेलो होतो. तेथील शिक्षक तळमळीचे; कोप्यांतून फिरून त्यांनी मुले शाळेत आणली होती. त्यांत आपल्या तालुक्यातील एक मुलगा होता. घरची भाषा मराठी, बोलणे चुरचुरीत. गुरुजींनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तोंडी उत्तर देई. फळ्यावरचे मात्र एक अक्षर त्याला वाचता येईना. गणिताचे मराठी आकडेसुद्धा येईनात. गुरुजींनी त्याला पहिलीत बसवले. आम्ही त्याच्या हाती खडू दिला, तेव्हा त्याने आपले नाव, गावाचे नाव आणि एक अख्खे वाक्य सुबक कानडीत लिहिले. तो चौथीचा विद्यार्थी होता! गुरुजींना कानडी येत नव्हते, त्याला देवनागरी येत नव्हती. तो पोरगा मान खाली घालून पुन्हा सहा वर्षांच्या मुलांत जाऊन बसला. यात दोष कोणाला द्यावा हे आम्हांला त्या दिवशी समजले नाही, आजही समजत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. दाखला आला नाही या कारणावरून कोणतीही शाळा मुलाला दाराबाहेर ठेवू शकत नाही. महाराष्ट्रात पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या होत्या; या कायद्यानंतर मुलांनी नेहमीच्याच शाळेत जावे असे ठरले आणि त्या मागे पडल्या. आपल्या भागासाठी घटनेत ३७१ (जे) कलम आले. शिक्षणात व नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. परंतु ही सवलत उपभोगायला आधी शाळा पुरी करावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातून हजारो माणसे या जिल्ह्यात परत आली आणि आपल्या शाळा व वसतिगृहे हीच त्यांची विलगीकरण केंद्रे झाली. कित्येक मुले त्या वर्षी शाळेत राहिली ती अशी! किती मुले बाहेर जात होती, हे गावाने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

आता न्यासाकडे वळतो. आपल्या शिष्यवृत्तीचा नियम आहे: वार्षिक परीक्षेत निम्मे गुण आणि वर्षभराच्या हजेरीचा दाखला. नियम करताना आम्हीही त्या बैठकीत होतो आणि हात वर केला होता. हुशार व नियमित मुलाला मदत व्हावी, हा हेतू शुद्ध होता. परंतु ज्या मुलाला मदत लागते तेच या नियमाने बाहेर राहते, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

कोणी म्हणेल, ती मुले आपल्या समाजाची नाहीत. काही आहेत, पुष्कळशी नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले तेव्हा सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवली. (त्यांचे घराणेही मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीचे.) आपल्या न्यासपत्रात ‘गरजू विद्यार्थी’ एवढेच शब्द आहेत. ते ज्यांनी लिहिले त्यांना जात लिहिता येत नव्हती असे नाही.

महोत्सवी निधीतून सभागृह बांधावे, अशी सूचना कार्यक्रमपत्रिकेत छापली आहे. लग्नकार्याची सोय होईल हे खरे. आमची उपसूचना अशी की, यंदा सभागृह थांबवावे आणि दसऱ्यापासून परीक्षा संपेपर्यंत चालणारे हंगामी वसतिगृह काढावे. बीडकडे अशी वसतिगृहे चालली आहेत. आईबाप तोडणीला जातात, मुले गावात राहून जेवतात व आपल्याच शाळेत, आपल्याच भाषेत शिकतात. आपल्याला मोठी इमारत नको. दोन खोल्या, एक स्वयंपाकीणबाई, रात्री झोपायला एक विश्वासू माणूस, आणि मुलींसाठी निराळी व्यवस्था. मुलींची व्यवस्था आधी पाहावी. मागे ठेवण्याची सोय नाही म्हणूनच पुष्कळ मुलींची लग्ने वेळेआधी उरकली जातात, आणि लग्न झाले की आणखी एक कोयता तयार होतो. भाकरी आणि तुरीची डाळ या तालुक्यात कमी पडेल असे आम्हांला वाटत नाही.

मुकादम उचल वाटतात ती पावसाळ्यातच. एकदा ट्रॉली भरली की मग सांगून उपयोग नाही. म्हणून गणेशचतुर्थीपूर्वी गावोगावच्या शिक्षकांना भेटून मुलांच्या याद्या केल्या पाहिजेत आणि त्यांच्या आजी-आजोबांशी बोलले पाहिजे. या कामास जे येतील त्यांनी भोजनापूर्वी चिटणिसांच्या वहीत नावे लिहावीत. आमचे नाव आम्ही येतानाच लिहून ठेवले आहे.