कायद्याच्या वाटेने येणारा अन्याय



अन्याय हा कायदा मोडून होतो, अशी आपली समजूत असते. परंतु इतिहासातील कित्येक मोठे अन्याय रीतसर कायदा करून आणि न्यायालयाची मान्यता घेऊन झालेले आहेत. यासाठी मी अमेरिकेचे उदाहरण आपणासमोर ठेवतो.

त्या देशाने १७९० साली परकीयांना नागरिकत्व देण्याचा कायदा केला, तो केवळ स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींसाठी. पुढे हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून रेल्वेमार्ग बांधला. तो १८६९ साली पुरा झाला आणि १८८२ साली चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. ही बंदी दहा वर्षांपुरतीच होती. १८९२ मध्ये ती आणखी दहा वर्षे वाढली आणि चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला बाळगणे सक्तीचे झाले. १९०२ मध्ये मुदतच काढून टाकली. कायदा रद्द झाला तो १९४३ साली!

त्यानंतर पाळी आली जपानी शेतकऱ्यांची. ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांनी शेतजमीन विकत घेऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ साली केला. त्यात 'जपानी' हा शब्दही नव्हता. पण रोख कोणावर, हे सर्वांना ठाऊक होते. त्याच वर्षी बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचले होते, हेही ध्यानात घ्यावे. भारतीयही यातून सुटले नाहीत. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद हे 'गोरे' नाहीत, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली दिला.

म्हणून १९४२ साली जे घडले ते आकाशातून पडले नाही. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजी आदेश काढला. सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक घरेदारे सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत गेले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. बौद्ध धर्मगुरूंना तर सुरुवातीच्या दिवसांतच अटक झाली. तरीही त्या लोकांनी छावणीतील लाकडी खोल्यांत वंदना चालू ठेवली. फ्रेड कोरेमात्सु या तरुणाने दाद मागितली. १९४४ साली सहा विरुद्ध तीन मतांनी तो हरला. सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला १९८८ साली. तोवर कितीतरी जण हे जग सोडून गेले होते.

मित्रहो, पायऱ्या नीट पाहा. आधी नागरिकत्व नाकारले, मग दाखला मागितला, मग जमीन नाकारली आणि शेवटी माणसालाच कोंडले. पहिली पायरी चढताना जे गप्प बसले, त्यांना शेवटची पायरी दिसलीच नाही.

आपल्या संविधानाचे कलम १४ कायद्यापुढील समानता केवळ नागरिकाला देत नाही. भारताच्या राज्यक्षेत्रातील कोणत्याही व्यक्तीला देते. विद्यार्थ्यांनी हा शब्द पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावा. कोणताही नवा कायदा वाचताना तो कोणाला वगळतो, हे प्रथम शोधावे. वगळलेले लोक आपले नसतील, तरीही विचारावे. किंबहुना तेव्हाच अधिक विचारावे.