चिंच-गुळाचं इटालियन भावंड

अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून मुळा, कोथिंबीर आपण पिशव्या भरून आणतो. आज त्यावर घालायच्या दोन बाटल्यांबद्दल बोलते.

बाल्सॅमिक म्हणजे मोदेनाकडचं, द्राक्षरसाचं आंबटगोड व्हिनेगर. आपल्या चिंच-गुळाचं लांबचं भावंडच म्हणा ना! म्हणून भाजलेलं वांगं, लाल भोपळा, बीट यांवर ते शोभतं, सोबत मिरचीचं ऑलिव्ह तेल. लिंबाचं तेल काकडीच्या कोशिंबिरीला. तिथे बाल्सॅमिक नको, रंग काळपट होतो. आणि या तेलांची फोडणी करू नका, स्वाद उडतो. शेवटी वरून चमचाभर घाला.

लसणाचं तेल मात्र विकतचंच बरं. घरी तेलात कच्चा लसूण घालून बाटली ओट्यावर ठेवू नका. लसणावर मातीतले बॉट्युलिझमचे जंतू असू शकतात. तेलाखाली हवा नसते, तिथे ते विष तयार करतात. वास नाही, चव नाही. १९८५ साली व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणाने ३६ जण आजारी पडले. लोणच्यासारखं मुरेल, असं मलाही वाटायचं! पण लोणच्यात मीठ असतं, आंबटपणा असतो. इथे दोन्ही नाही.

करायचंच तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. उरलं तर टाका. जीव हळहळतो, ठाऊक आहे मला.