मेंढी, बाप आणि न्याय
(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



प्राचीन चीनचे तत्त्वज्ञान म्हटले की आपल्याला चार सुभाषितवजा वचने आठवतात आणि आपण तेथेच थांबतो. आज मी वचने सांगणार नाही. एक खटला आपल्यापुढे ठेवणार आहे. तो सुमारे अडीच हजार वर्षे चालू आहे आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

कन्फ्यूशियसचा काळ इ.स.पू. ५५१ ते ४७९. चू राज्यातील एका प्रदेशाच्या अधिपतीने त्याला अभिमानाने सांगितले की, आमच्याकडे एक अत्यंत सरळ माणूस आहे. बापाने मेंढी चोरली, तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियसचे उत्तर असे की, आमच्याकडची सरळ माणसे निराळी असतात. तेथे बाप मुलाचे झाकतो, मुलगा बापाचे झाकतो, आणि सरळपणा त्यातच असतो. ‘लुन-यू’ या संवादसंग्रहात हा प्रसंग अवघ्या काही ओळींचा आहे.

हे उत्तर आपल्याला खटकते आणि खटकलेच पाहिजे. ज्याची मेंढी गेली, त्याचे काय? चीनमध्येही ते अनेकांना खटकले. मो-त्झ या विचारवंताने सांगितले की आपल्या आणि परक्याच्या हिताची काळजी सारखीच वाहिली पाहिजे. भेदभाव हेच कलहाचे मूळ आहे. पुढे हान फेईने (मृत्यू इ.स.पू. २३३) याच कथेच्या जोडीला दुसरी कथा ठेवली. लू राज्यातील एक सैनिक तीनदा रण सोडून पळाला, कारण घरी म्हातारा बाप होता. हान फेईचा निष्कर्ष असा की, जो बापाचा सुपुत्र, तोच राजाचा द्रोही. त्याने राज्याची बाजू घेतली.

राज्याची बाजू घेतली म्हणजे काय होते, हेही इतिहासाने दाखवले. छिन राज्यात शांग यांगने कुटुंबांचे पाच-पाच, दहा-दहांचे गट पाडून एकमेकांवर पहारा बसवला; गुन्हा न कळवणे हाच गुन्हा ठरला. त्या राज्याने इ.स.पू. २२१ मध्ये सारा चीन एका छत्राखाली आणला आणि पंधरा वर्षांत ते लयाला गेले. पुढे हान सम्राट शुआनने इ.स.पू. ६६ मध्ये आज्ञा काढली की, मुलाने आईबापांना, पत्नीने पतीला, नातवाने आजी-आजोबांना लपवले तर शिक्षा होऊ नये. इ.स. ६५३ च्या तांग संहितेनेही हे तत्त्व स्वीकारले; मात्र राजद्रोहासारखे गुन्हे त्यातून वगळले.

आता विसाव्या शतकात या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९७० साली, आन्ह्वेई प्रांतातील एका किशोरवयीन मुलाने घरातील बोलण्यावरून स्वतःच्या आईविरुद्ध तक्रार केली. तिने माओंवर टीका केली होती. काही आठवड्यांतच तिला गोळ्या घातल्या गेल्या. १९८० मध्ये न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले. २०१३ मध्ये उतारवयाकडे झुकलेल्या त्या मुलाने आपल्या अपराधाची जाहीर कबुली दिली. श्रोतेहो, त्या अधिपतीचा ‘सरळ माणूस’ तो हाच.

म्हणून कन्फ्यूशियसचा मुद्दा पुन्हा वाचावा लागतो. चोरी योग्य आहे, असे तो म्हणत नाही. जी माया नीतीचे पहिले बीज आहे, तीच राज्याने उपटली तर पुढे नीती उगवणार कशातून, असा त्याचा प्रश्न आहे, असे मला वाटते.

परंतु दुसरी भीतीही खरी आहे. आपल्याच माणसांचे झाकण्याच्या याच वृत्तीतून वशिला आणि भ्रष्टाचार वाढतो, असा आक्षेप चिनी अभ्यासक लिऊ छिंगफिंग यांनी २००२ मध्ये घेतला आणि तेथील विद्वानांत मोठा वाद झाला. धृतराष्ट्राचे उदाहरण पिढ्यान्पिढ्या ऐकलेल्या आपल्याला तो आक्षेप समजावून सांगावा लागत नाही.

या पेचात मेन्शियसने मांडलेला एक प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिष्याने विचारले : पुराणकालीन सम्राट शुनच्या पित्याने खून केला, तर न्यायाधीश गाओ याओ काय करील? मेन्शियस म्हणाला, त्याला पकडील. शुन आड येईल का? नाही, न्यायाधीशाचा तो अधिकारच आहे. मग शुन काय करील? तो साम्राज्य फाटक्या वहाणेसारखे टाकून देईल, पित्याला पाठीवर घेऊन दूर समुद्रकिनारी जाईल आणि तेथे आनंदाने राहील.

मराठी माणसाला येथे रामशास्त्री आठवतील. पण शुनकडे अधिक बारकाईने पाहा. मुलगा म्हणून तो बापाला वाचवतो. सम्राट म्हणून वाचवत नाही. माया जपण्याची किंमत तो स्वतः मोजतो, ती प्रजेकडून वसूल करीत नाही. खून झालेल्याच्या घरच्यांना न्याय मिळत नाही, हे उणे राहतेच. पण सत्ता मायेची दासी होत नाही.

हा प्रश्न आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. चीनने २०१२ च्या दुरुस्तीने आरोपीचे पती वा पत्नी, आईवडील व मुले यांना साक्षीसाठी न्यायालयात सक्तीने आणण्यास मनाई केली. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमातून केवळ पती वा पत्नीला सूट आहे, आईला नाही. ती असावी का, यावर मतभेद होतील, व्हावेत. मात्र खुर्चीवर बसून आपल्या माणसाला पाठीशी घालणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा : पित्याला पाठीवर घेण्याआधी आपण वहाण टाकली आहे का?