पहिल्या पगाराचा विनियोग
(धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त पदवीधर तरुणांपुढे केलेले भाषण)



धर्मगुरूने व्यासपीठावरून पैशाविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींस विलक्षण वाटेल. परंतु ज्या प्रभूने मजुरी, कर्ज, हरवलेले नाणे आणि विधवेच्या दोन दमड्या यांवरून स्वर्गराज्याचे धडे शिकविले, त्याच्या सेवकास हा विषय वर्ज्य नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवणारा सेवक आहे. त्याने ते निदान सावकाराकडे तरी ठेवावयाचे होते, असे धनी त्यास बजावतो. लूकच्या १२ व्या अध्यायात मोठी कोठारे बांधू पाहणारा आणि त्याच रात्री मरण पावणारा धनिक आहे. द्रव्य निजवून ठेवणे हा आळस, आणि द्रव्यावर विसंबणे हे मूर्खपण. या दोहोंमधील वाट आज आपणांस शोधावयाची आहे.

आपल्या वसईत आजोबांची ठेव म्हणजे वाडी. विहीर, केळी, पानवेली, फुलझाडे यांवर घर चाले. पुढे जमिनीस भाव आला आणि कित्येक वाड्या विकल्या गेल्या. काही कुटुंबांनी तो पैसा शहाणपणाने राखला; काहींच्या घरी त्याचे मोटार आणि लग्नाचा थाट झाले, आणि थोड्याच वर्षांत हाती काही उरले नाही. तुमच्यापैकी अनेकांपाशी आता वाडी नाही. पदवी आणि महिन्याचा पगार आहे. वाडी दर हंगामास पुन्हा पिकत असे. पगार खर्चिला की संपला. यास्तव पगारातून नवी वाडी कशी लावावी, हाच आजचा प्रश्न होय.

या कामी ख्रिस्तसभा आपणांस परकी नाही. सावकाराच्या पाशातून गरिबांस सोडविण्यासाठी फ्रान्सिस्कन संन्याशांनी १४६२ साली इटलीतील पेरुजा नगरात अल्प दराने कर्ज देणारी पेढी उघडविली. अशा पेढ्यांस १५१५ साली दहावे लिओ पोपमहोदय यांनी मान्यता दिली. १८९१ साली तेराव्या लिओ पोपमहोदयांनी आपल्या परिपत्रात असे प्रतिपादिले की, कामकऱ्यास इतके वेतन मिळावे की त्याने काटकसरीने काही शिल्लक टाकून अल्पशी मालमत्ता करावी. आणि १९१८ साली आपल्याच वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी ज्या पतसंस्थेचा पाया घातला, तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

आता प्रत्यक्ष आचरणाकडे वळू. पहिली गोष्ट, कर्जाची. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षास ४० टक्क्यांच्या घरात व्याज खाते. ते फेडल्यावाचून गुंतवणूक करणे म्हणजे फुटक्या रहाटगाडग्यांनी शिंपणे करणे होय. दुसरी गोष्ट, सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बँकेत हाताशी असावी, आणि आजारपणाचा विमा असावा. ज्याच्यावर आईबाप वा मुले अवलंबून आहेत त्याने केवळ मृत्यूचे संरक्षण देणारा साधा मुदतीचा विमाही उतरवावा; विमा व गुंतवणूक यांची खिचडी करू नये.

बँकेतील ठेवीविषयीही एक ध्यानात ठेवा. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. पतपेढ्यांतील ठेवींस ते नाही. म्हणून सर्व धान्य एकाच कणगीत भरू नये.

एवढे झाल्यावर लावणीस आरंभ करावा. १९६८ साली सुरू झालेला सरकारी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी १५ वर्षांचा आहे; त्यात वर्षास किमान ५०० व कमाल दीड लाख रुपये भरता येतात. ज्यास दीर्घकाळ थांबता येईल त्याने काही भाग म्युच्युअल फंडात मासिक हप्त्याने घालावा. अनेक मोठ्या कंपन्यांचे समभाग एकत्र घेणारा, अल्प खर्चाचा निर्देशांक फंड नवशिक्यास पुरे. त्याचे मोल कधी घसरेलही. म्हणून पाच-सात वर्षांच्या आत लागणारा पैसा तेथे नसावा.

आरंभ लवकर का करावा, तेही गणिताने पाहा. वार्षिक ८ टक्के दराने, महिन्यामहिन्यास चक्रवाढ धरून, दरमहा २,००० रुपये ३० वर्षे टाकले तर भरणा ७ लाख २० हजार होतो आणि रक्कम सुमारे २९ लाख ८० हजार होते. तोच मनुष्य दहा वर्षे उशिरा लागला तर भरणा ४ लाख ८० हजार, आणि हाती सुमारे ११ लाख ७८ हजार. हे कोणाचे आश्वासन नव्हे, केवळ हिशेब आहे. परंतु त्या दहा वर्षांचे मोल त्यातून कळते.

आणि आता सावधगिरी. पूर्वीचा जुगार पिंपळाखाली चाले. आजचा खिशातील फोनमध्ये चालतो. शेअरबाजाराच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांविषयी सेबी या नियामक मंडळाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत अशा व्यक्तिगत व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तेव्हा झटपट दुप्पट करून देतो म्हणणारा मनुष्य, मग तो आपल्याच धर्मग्रामातला, रविवारी आपल्याच बाकावर बसणारा का असेना, त्यास नम्रपणे नकार द्यावा. सल्लागाराची सेबीकडे नोंद आहे की नाही, हे विचारण्यात संकोच नसावा.

शेवटी, हे सर्व कशासाठी? ज्या धंद्याने शेजाऱ्याचे घर मोडते त्याचा नफा आपल्या ताटात येऊ देऊ नये. पगार आला की प्रथम गरिबांचा वाटा बाजूस काढावा, मग बचतीचा, आणि उरलेल्यात संसार करावा. जो कर्जात बुडाला आहे तो इच्छा असूनही दान करू शकत नाही. ज्याची शिल्लक आहे तोच शेजाऱ्याच्या अडचणीच्या रात्री दार उघडू शकतो. आपल्या पूर्वजांनी लावलेल्या वाडीची सावली वाटसरूसही मिळे. तुमच्या नव्या वाडीचीही तशीच मिळो, आणि जो देतो व वाढवितो तो प्रभू तुम्हां सर्वांस सुबुद्धी देवो. आमेन.