पायातले कुरूप

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे दिलेले भाषण)



'आरोग्यावर चार शब्द बोला' असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा हृदयविकार किंवा रक्तदाब असा एखादा भारदस्त विषय मी निवडीन अशी त्यांची समजूत असावी. 'पायातले कुरूप' हे नाव ऐकून त्यांना हसू आले. परंतु मघाशी आत येताना दारातल्या आपल्या साऱ्यांच्या चपला मी पाहिल्या. कुणाची टाच एका बाजूने झिजलेली, कुणाचा पट्टा खिळा मारून बसवलेला, तर कुणी मुलीच्या जुन्या चपला 'टाकायच्या कशाला' म्हणून पायांत चढवलेल्या. त्या पाहिल्या आणि विषय अगदी योग्य निवडला अशी माझी खात्री पटली.

मी डॉक्टरीण नव्हे. रुग्णालयात परिचारिका म्हणून माझे आयुष्य गेले. तेथे जे पाहिले आणि घरी जे भोगले, तेवढेच सांगणार आहे.

कुरूप म्हणजे काय? काटा आत मोडला आणि त्याचे कुरूप झाले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. क्वचित काटा आत राहून गाठ होतेही. पण बहुतेक कुरुपे काट्याने होत नाहीत. कातडीच्या एकाच जागी रोज दाब पडला किंवा घर्षण झाले, की शरीर तेथे संरक्षणासाठी कातडीचे थर चढवू लागते. हे थर पसरट राहिले तर तो घट्टा. दाब एका बिंदूवर एकवटला, तर थरांची खुंटी बनून आत रुतते, तेच कुरूप. त्याला मूळ नसते. म्हणून कोरून 'मूळ काढण्याचा' खटाटोप व्यर्थ आहे. दाब कायम असेल तर कापलेले कुरूप पुन्हा येणारच.

कुरूप आणि चामखीळ यांत मात्र गल्लत करू नका. तळपायावरची चामखीळ विषाणूमुळे होते. तिच्यात पुष्कळदा काळे ठिपके दिसतात आणि ती दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की दुखते. कुरूप वरून सरळ दाबले की दुखते. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

आता दाब कोठून येतो ते पाहू. अरुंद चपलेत बोटे एकमेकांवर चढतात आणि करंगळीवर कुरूप होते. जोडवी घट्ट असली किंवा त्यांची कड शेजारच्या बोटाला घासत असली, तर दोन बोटांच्या बेचक्यात मऊ, पांढरट कुरूप होते. घामाने ते ओले राहते आणि फार ठणकते. कठीण फरशीवर अनवाणी तासन् तास उभे राहून स्वयंपाक केला, की चवड्याखाली घट्टे पडतात. मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्यांच्या घोट्यालाही घट्टा असतो.

म्हणून पहिला उपाय म्हणजे कारण दूर करणे. चपला घ्यायला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. घरी एक सोपी परीक्षा करून पाहा. कागदावर उभे राहून पायाभोवती पेन्सिल फिरवा आणि त्या आकृतीवर आपली चप्पल ठेवा. आकृती चपलेबाहेर डोकावत असेल, तर दोष पायाचा नव्हे, चपलेचा! बंद बूट असेल तर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. जोडवी रुतत असतील तर सैल करून घ्यावीत, रात्री काढून ठेवावीत. ओट्यापाशी उभे राहताना पायांत मऊ सपाता असाव्यात.

दुसरा उपाय घरगुती. कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवून ठेवावेत. मग वज्रीने किंवा पाय घासायच्या दगडाने मऊ झालेला थर हलक्या हाताने घासावा. एका दिवसात सारे काढण्याची घाई नको. लाली दिसण्याआधीच थांबावे. पाय पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, टाचेला व तळव्याला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावे. बेचक्यांत मात्र काही लावू नये. हे रोज, काही आठवडे चालू ठेवावे. कुरुपाभोवती मऊ कापडी कडे बसवले, तर दाब कडेला जातो आणि चालणे सुसह्य होते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते. ते कठीण कातडी विरघळवते खरे, पण शेजारची चांगली कातडीही सोडत नाही. म्हणून ती नेमकी कुरुपावरच बसली पाहिजे.

ब्लेड, सुई, नेलकटर यांपैकी काहीही कुरुपाला लावू नका. आणि बिब्बा तर मुळीच नको. हे मी एवढ्या निक्षून का सांगते, ते ऐका.

माझ्या आत्याला पुष्कळ वर्षांचा मधुमेह होता. २००९ साली तिच्या पायाच्या बोटावर कुरूप झाले. कुणीतरी सांगितले म्हणून तिने तापलेल्या सुईने बिब्ब्याचे तेल त्यावर लावले. बिब्ब्याने कातडी भाजते. तिचीही भाजली, पण तिला कळलेच नाही. चार दिवसांनी फरशीवर ओले डाग दिसले, तेव्हा सुनेने पाय पाहिला. पू आत पसरला होता. बोट काढावे लागले. मी रागावले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अगं, दुखलंच नाही, मग सांगू काय कुणाला?"

भगिनींनो, या एका वाक्यात सारे आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा अभ्यास केला. दुखणे कळत नाही, म्हणून जखमांकडे लक्ष जात नाही आणि त्यामुळेच बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. मधुमेहातही कित्येकांच्या पायांची जाणीव अशीच हळूहळू जाते. दुखणे हा आपला राखणदार आहे. तो झोपला की राखण डोळ्यांनी करावी लागते.

म्हणून मधुमेह असलेल्यांनी, किंवा ज्यांच्या पायांना बधिरपणा आहे त्यांनी, कुरुपाला घरी हात लावू नये. औषधी पट्टीही नको, गरम पाण्यात पाय बुडवणेही नको. डॉक्टर निर्जंतुक हत्याराने वरचा मेलेला थर काढतात. रोज रात्री तळपाय आरशात पाहावा, नाहीतर सुनेला, नातवाला पाहायला सांगावे. एम. सी. आर. रबराच्या मऊ चपला वापराव्यात. लाली, सूज, पू किंवा कुरुपाखाली काळसर रक्त दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मधुमेह नसला तरी ही लक्षणे डॉक्टरांना दाखवावीत.

शेवटी एकच सांगते. जूनमध्ये मुलांचे बूट येतात, दिवाळीला यजमानांचे येतात. आपली चप्पल 'पुढच्या महिन्यात' असते. त्या पुढच्या महिन्याची किंमत माझ्या आत्याने एका बोटाने चुकवली. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने कागद-पेन्सिल घेऊन आपला पाय आखावा आणि घरात कुणी मधुमेही वडीलधारी असतील, तर त्यांचे तळवे हातात घेऊन पाहावेत. एवढे झाले, तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी मानीन.