गंज

वाचक मायबापहो, गेलेल्या माणसाची वस्तू आपल्या घरी आली, तर तिचं करायचं काय? आज एवढ्याच प्रश्नाचं चिंतन करू.

माझा एक मित्र सुतार होता. गाव त्याला मिस्त्री म्हणे. दिवसा रंधा मारायचा आणि रात्री कीर्तनात माझ्या पाठीशी टाळ धरून उभा राहायचा. माझ्या हातातल्या या चिपळ्या त्याच्याच हातच्या. शेवटच्या दुखण्यात त्यानं दोनदा निरोप धाडला, "बुवा, एकदा येऊन जा." मी सप्ताहात होतो. म्हटलं, काला झाला की जाऊ. काला झाला, मी गेलो, तेव्हा त्याची राख सावडून झाली होती.

तेराव्यानंतर वहिनींनी हत्यारांची पेटी माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "भाऊजी, पोरगा नोकरीवर. इथं ही कोण धरणार? तुम्ही न्या." करवत, रंधा, वाकस, गिरमिट, गुण्या, पाच पटाश्या. मुठी त्याच्या तळव्यानं गुळगुळीत झालेल्या. मला त्यातलं एकही चालवता येत नाही. मी पेटी देवघरात ठेवली. रोज झाकणावर हळदकुंकू, फूल. लोक म्हणायचे, बुवांचं केवढं प्रेम! मलाही ते ऐकून बरं वाटे.

पावसाळा गेला, खंडेनवमी आली. शस्त्रांची, हत्यारांची पूजा करायचा दिवस. त्या दिवशी प्रथमच झाकण उघडलं आणि बघतो तर काय, पात्यांवर तांबूस गंज! जो माणूस काम संपल्यावर पटाशी पुसल्याशिवाय जेवायला बसत नसे, त्याची ही हत्यारं. मला वाटलं, तो विचारतोय, "बुवा, मी बोलावलं तेव्हाही तुम्ही देवाच्याच कामात होता ना?"

मायबापहो, खंडेनवमीला कारागीर काय करतो? आधी हत्यार घासून पुसतो, तेल लावतो, मग फूल वाहतो. आणि दसरा झाला की तेच हत्यार पुन्हा हातात घेतो. मी नुसतं फूल वाहत बसलो होतो.

चोखोबांचं चरित्र आठवा. मंगळवेढ्याला कुसवाचं काम करताना भिंत ढासळली आणि चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. हे वर्ष शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मानतात. नामदेवराय तिथं गेले. परंपरा सांगते, त्यांनी एकेक हाड कानाशी धरलं. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं, ते चोखोबांचं. त्या अस्थी त्यांनी स्वतःच्या घरी ठेवल्या का हो? नाही. ज्या महाद्वारातून चोखोबांना आत जाता आलं नाही, त्या महाद्वारासमोर पंढरीत आणून समाधी दिली. मित्राचं जे उरलं, ते त्याच्या जिवाला जिथं ओढ होती तिथं पोचवलं. याला म्हणायचं आठवण!

मिस्त्रीच्या जिवाची ओढ कशाची? लाकडाची. मी पेटी उचलली आणि गावातल्या एका तरुण सुताराकडे नेली. त्यानं गंज काढला, दगडावर धार लावली. त्याला म्हटलं, "ही आता तुझी. पण पहिलं काम मी सांगेन."

मिस्त्रीच्याच घराचं दार पावसानं फुगून बसलं होतं. वहिनी रोज खांदा लावून उघडायच्या. त्या पोरानं दार उतरवलं, अंगणात आडवं ठेवलं आणि मिस्त्रीचा रंधा मारायला सुरुवात केली. आवाज ऐकून वहिनी चुलीपुढून उठून आल्या. खांबाला धरून उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. थोड्या वेळानं खाली बसून, पडलेला भुसा त्यांनी पदरात गोळा केला.

मी वेळेला गेलो नाही, ते काही यानं फिटत नाही. ते माझ्यापाशीच राहील. पण तुमच्या घरी अशी एखादी पेटी असेल, शिवणयंत्र असेल, कुणाचा पखवाज असेल, तर आज उठून ते उघडा. जमेल तर चालवा. नाही जमलं, तर चालवणाऱ्या हातात द्या. आणि कुणी जिवंतपणी बोलावत असेल, तर काल्याची वाट पाहू नका.

रामकृष्ण हरी!