गोलजाळीचा राखणदार : ब्रह्मानंद संखवाळकर

ब्रह्मानंद संखवाळकर यांचा जन्म १९५४ साली गोव्यातील ताळगावचा. साळगावकर फुटबॉल संघाचे गोलरक्षक म्हणून ते १९७४पासून सुमारे सतरा वर्षे खेळले. एका क्लबशी इतकी दीर्घ निष्ठा आज विरळाच. १९८३ ते १९८६ या काळात भारतीय संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. मात्र त्यांची खरी ओळख गोव्याकडून खेळताना संतोष करंडक या आंतरराज्य फुटबॉल स्पर्धेने ठसवली. १९८२-८३मध्ये गोवा आणि बंगाल संयुक्त विजेते ठरले. पुढच्याच हंगामात, मद्रासच्या अंतिम सामन्यात पंजाबला हरवून गोव्याने करंडक एकट्याने जिंकला. त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही! गोल करणाऱ्यांचा गवगवा होतो. अडवणाऱ्याची दखल उशिरा घेतली जाते. त्यांना अर्जुन पुरस्कार १९९७मध्ये आणि पद्मश्री २०२२मध्ये मिळाली.